मोबाईलमधला दवाखाना कुणाला कसा हवा?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. रात्री झोप किती झाली ते तो सकाळी मनगटावरच्या घड्याळात बघतो. भाची जर्मनीत असते. तिला झोप येत नाही म्हणून तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर चक्क ॲप लिहून दिलं. इकडे आमच्या आशाताईच्या मोबाईलमध्ये सरकारी ॲपची गर्दी झाली आहे, पण गावात बाकी कुणाच्या फोनमध्ये आरोग्याचं एकही ॲप नाही. देशोदेशीच्या लोकांना अशा ॲपकडून नेमकं काय हवं असतं? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या माणसांना काय हवं, हे कधी कुणी विचारलं आहे का? माझ्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. तिच्या फोनमध्ये काय घालून द्यावं?
— एक वाचक भगिनी, सिंदेवाही तालुका

उत्तर : ताई, तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. हो, विचारलं आहे, आणि तेही मोबाईल यायच्या आधी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासी माणसं आजारी पडली तरी मोठ्या दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, इमारत एवढी मोठी असते की आत गेलेला माणूस हरवतो. तिथे आमची भाषा कुणी बोलत नाही. रोग्यासोबत आलेल्या घरच्यांना राहू देत नाहीत. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. ते कपडे घालून तुम्ही आम्हाला जगवणार कसे? धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममधला दवाखाना मग या उत्तरांबरहुकूम उभा राहिला. उंच इमारतीऐवजी गावातल्या घरांसारखी बैठी घरं बांधली, सोबतच्या नातेवाइकांना राहायची सोय केली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं.

या उत्तरांमध्ये औषधगोळ्यांचा विषयच नाही. लोकांनी मागितलं ते एवढंच, की आत पाऊल टाकताना भीती वाटू नये, कुणीतरी आपल्या बोलीत बोलावं आणि आपलं माणूस जवळ असावं. आरोग्याची ॲप बनवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी वाचायला हवी असं मला मनापासून वाटतं. ॲप काय काय करू शकतं याची यादी कंपनी काढते, पण माणूस ते उघडतो त्याला कशाची चणचण आहे त्यानुसार, आणि ही चणचण देशागणिक वेगळी असते.

तुमच्या भाचीचंच घ्या. जर्मनीने २०१९ च्या अखेरीस कायदा केला आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून तिथले डॉक्टर सरकारने तपासून यादीत घातलेली ॲप लिहून देऊ लागले. पैसे आरोग्य विमा भरतो. त्या यादीत निद्रानाश, चिंता, नैराश्य, कानात सतत आवाज येणं अशा तक्रारींची ॲप बरीच आहेत. तिथे पाय मोडला तर उपचार लगेच मिळतो, पण मानसोपचाराच्या वेळेसाठी लोकांना कित्येक महिने थांबावं लागतं, आणि ॲपला जागा मिळाली ती या थांबण्यात. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेचं ‘एनएचएस ॲप’ २०१९ पासून सर्वत्र आलं. लोक ते उघडतात ते नेहमीच्या गोळ्या पुन्हा मागवायला, डॉक्टरांची वेळ घ्यायला आणि तपासणीचा रिपोर्ट बघायला. पावलं मोजायची हौस तिथेही आहे, पण गरज आहे ती सकाळी फोन कानाला लावून ताटकळत बसणं टळण्याची. जपानने २०२० मध्ये सिगारेट सोडवणाऱ्या ॲपला औषधासारखी मान्यता दिली. त्यासोबत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं आणि खर्च विम्यातून निघतो. अशा सगळ्या देशांत दवाखाना आहे, डॉक्टर आहे, खर्च उचलणारा विमा किंवा सरकारी सेवाही आहे. ॲपचं काम त्यांच्यापर्यंतची वाट जरा सोपी करण्याचं.

अमेरिकेतल्या बायकांची मागणी वेगळ्याच कारणाने पुढे आली. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या ॲपने वापरणाऱ्यांची खासगी माहिती फेसबुक, गूगल अशा कंपन्यांपर्यंत पोचवल्याचा आरोप ठेवून तिथल्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये कंपनीला समझोत्याला आणलं. मग जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला आणि अनेकींनी अशी ॲप फोनमधून काढून टाकली. आपल्या शरीराची गोष्ट आपल्यापाशीच राहावी, एवढीच त्यांची मागणी होती. ही मागणी लक्षात ठेवा; ती आपल्या जंगलातही आहे.

आता जिथे डॉक्टरच लांब आहे अशा देशांकडे बघू. दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये गरोदर बायकांसाठी ‘मॉमकनेक्ट’ सुरू केलं. महिन्यामहिन्याप्रमाणे साधे संदेश, तेही देशाच्या तेव्हाच्या अकराही राजभाषांत. पण बायकांना धरून ठेवलं ते त्यातल्या उलट्या वाटेने. त्या क्रमांकावर बाईला स्वतः प्रश्न विचारता येत होता, दवाखान्यात औषध मिळालं नाही किंवा नर्स नीट बोलली नाही तर तक्रार करता येत होती, आणि उत्तर माणूस देत होता. तक्रारींपेक्षा कौतुकाचे संदेश कितीतरी जास्त आले. घानाच्या उत्तर भागात २०१० मध्ये असाच प्रयोग झाला, तेव्हा वाचण्याच्या संदेशापेक्षा स्थानिक भाषेतला आवाज बायकांना हवा होता. फोनही पुष्कळदा दुसऱ्या कुणाचा होता. बांगलादेशातल्या ‘आपनजन’ने २०१२ मध्ये आणखी एक शहाणपण दाखवलं. बाळंतपणाचे निर्णय एकटी सून घेत नाही हे ओळखून नवऱ्यासाठी आणि घरातल्या मोठ्यांसाठी वेगळे संदेश ठेवले. ताई, तुम्ही स्वतः हे पत्र लिहिलंत, म्हणजे ते शहाणपण किती खरं आहे बघा.

रवांडाची हकिगत मात्र हुरहूर लावणारी आहे. तिथे २०१६ पासून ‘बेबिल’ नावाची सेवा होती. बटणांच्या साध्या फोनवरून आकडे दाबले की परिचारिकेचा किंवा डॉक्टरचा फोन यायचा. वीस लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. २०२३ मध्ये लंडनची मूळ कंपनी कोसळली आणि रवांडातली सेवाही बंद पडली. त्या लोकांना जे हवं होतं ते मिळालं होतं, पण ते टिकणं त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून कुणी कितीही चकचकीत ॲप घेऊन गावात आलं, तरी उद्या कंपनी उठून गेली तर काय, हे आपण पहिल्याच दिवशी विचारायला हवं.

आता आपला मुलूख. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांच्या आसपास भाग जंगलाचा. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी कानावर पडते, धानोऱ्यात गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या पहाडावर कोलाम आहेत, मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबं आहेत, आणि तुमच्या सिंदेवाहीत झाडीबोली. पुण्या-मुंबईत बसून ‘मराठी’चं बटण केलं की महाराष्ट्र झाला, असं या पट्ट्यात चालत नाही. गोंडीसाठी थोडं काम झालं आहे. आदिवासी मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या ॲपमध्ये गोंडी आहे, पण ती छत्तीसगडकडची. माडिया आजीला ताप किती दिवस आहे हे फोनने तिच्या बोलीत विचारावं, इथवर अजून खूप वाट चालायची आहे.

फोन कुणाच्या हातात असतो हा त्यापुढचा प्रश्न. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या स्त्रिया देशभरात ५४ टक्के निघाल्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या जेमतेम ३३ टक्के. म्हणून आपल्या देशात गरोदर बायकांपर्यंत सगळ्यात जास्त पोचली ती ॲप नसलेली सेवा : ‘किलकारी’. केंद्र सरकारने ती जानेवारी २०१६ मध्ये हाती घेतली, महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ कॉल येतात, फुकट, कुठल्याही साध्या फोनवर. मध्य प्रदेशात या कॉलची मोठी पाहणी झाली. स्तनपानाच्या सवयींत त्यांनी फरक पडलेला दिसला नाही. पाळणा लांबवायच्या साधनांचा वापर मात्र काहीसा वाढला. मला हा निकाल फार बोलका वाटतो. फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि कॉल पुष्कळदा तोच ऐकतो. पाळणा लांबवायचा निर्णय त्याच्याशिवाय होत नाही, बाळाला अंगावर पाजणं त्याच्या हातात नाही.

आपल्याकडे हे रोज घडतं. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नंबर घरधन्याचा. कॉल येतो तेव्हा तो तेंदूपत्ता तोडायला जंगलात, किंवा बाई स्वतः रोवणीच्या चिखलात. मुंबईत ‘अरमान’ संस्थेने ‘एममित्र’मध्ये बाईला कॉलची वेळ आणि भाषा निवडायला दिली. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापलेली ही संस्था आता किलकारीही चालवते. ऐकणं सोडून देणाऱ्या बायका संगणकाच्या मदतीने आधी ओळखायचा उपायही तिथे झाला. पण ओळखून पुढे काय केलं? माणसाने फोन केला. एवढं सगळं तंत्रज्ञान वापरून शेवटी कुणीतरी ‘ताई, बरी आहेस ना?’ म्हणावं लागलं. मला यात तंत्रज्ञानाचा पराभव दिसत नाही, त्याची योग्य जागा दिसते.

गडचिरोलीने अशा योग्य जागेचा नमुना फार पूर्वीच दाखवला आहे. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत तेव्हा अक्षरओळख नसलेल्या दाईला तो ओळखता यावा म्हणून ‘सर्च’ने एक श्वासमोजणी बनवली होती. लाकडी चौकटीत एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दाईने पोराच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. तिला दहाच्या पुढे मोजता यायची गरज नाही, वाचायची नाही, आणि विजेचा तर प्रश्नच नाही. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोगही तिथलाच. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायकांनी ३९ गावांत तो केला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई ते काम करू लागल्या. श्वासमोजणी हातात धरलेल्या त्या दाईला यंत्राकडून काय हवं होतं? आपल्याला झेपेल असं, आपल्याच हातात राहील असं, आणि आता पुढे काय करायचं ते स्पष्ट सांगेल असं काहीतरी. कुठल्याही आरोग्य ॲपची परीक्षा मी अजूनही याच तीन प्रश्नांवर घेते.

आशाताईच्या मोबाईलमधल्या गर्दीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्यातली बहुतेक ॲप तिच्याकडून माहिती मागणारी आहेत, तिला काही देणारी थोडी. अंगणवाडीताईंचं उदाहरण बघा. ‘पोषण ट्रॅकर’ २०२१ मध्ये आलं, तेव्हा हातातले सरकारी मोबाईल जुने, कमी क्षमतेचे, आणि ॲप मराठीत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी मोबाईल परत करून टाकले. त्या अडाणी होत्या म्हणून हे झालं नाही. बाळाचं वजन घ्यायचा वेळ पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे बघत जात होता म्हणून झालं. आशाताईंनीही २०२३ च्या संपात ऑनलाइन कामाच्या सक्तीचा विषय काढला होता. जंगलपट्ट्यात ॲपची खरी वापरकर्ती तीच आहे. गाव तिच्यामार्फत फोन वापरतं. तेव्हा तिला काय हवं हे विचारल्याशिवाय गावाला काय हवं ते कळायचं नाही. रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्ये जपून राहावी आणि टॉवर सापडला की आपोआप जावी. एकच नाव पाच ठिकाणी लिहावं लागू नये. मलेरियाची तपासणी पट्टी ‘फाल्सिपेरम’ दाखवत असेल तर त्या क्षणी बाळाच्या वजनाप्रमाणे किती गोळ्या, ते पडद्यावर यावं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड दिवसेंदिवस तुटतं. अशा दिवशी ती एकटीच डॉक्टर असते.

‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या समोर बसून लांबच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येतं. ही कल्पना मला आवडते, कारण रोग्याच्या शेजारी एक ओळखीचं माणूस बसलेलं असतं. डॉक्टरांची मराठी गोंडीत आणि रोग्याची गोंडी मराठीत पोचवणारं ते माणूस उठून गेलं, तर पडद्याचा उपयोग उरत नाही.

सिकलसेलच्या घरांना काय हवं तेही सांगते, कारण हा आजार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर माहीत आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी मोठ्या प्रमाणावर होते, कार्ड मिळतं. पण कोरचीच्या पोराचे सांधे रात्री दुखायला लागतात तेव्हा कार्ड पुरत नाही. रक्ताची पिशवी गडचिरोलीत आहे की ब्रह्मपुरीला जावं, गोळ्या जवळच्या दवाखान्यात आहेत की संपल्या, हे निघण्याआधी कळायला हवं. ‘ई-रक्तकोष’वर रक्तपेढ्यांमधला साठा दिसतो, तो बघून सांगणारं कुणीतरी गावात असलं तर एक फेरी वाचते, आणि इथे एक फेरी म्हणजे एका मजुरीचा दिवस आणि गाडीभाडं.

आणि आता ती अमेरिकेतली मागणी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. जानेवारी १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, आणि त्यांपैकी फार थोड्यांनी आधी कधी तपासून घेतलं होतं. बाई बोलत नव्हती, कारण बोलायला जागा नव्हती. तिची नात आज फोन बाळगते, पण तो दीर उघडतो, पोरं खेळायला घेतात. अमेरिकेतली बाई कंपनीला आणि कोर्टाला घाबरते, आपल्याकडची घरातल्यांना. पांढऱ्या पाण्याविषयी किंवा नको असलेल्या दिवसांविषयी विचारलेलं पडद्यावर मागे राहणार नाही, ही खात्री दोघींनाही सारखीच हवी. म्हणून अशा बाबतीत लिहिण्यापेक्षा बोलणं बरं. तेही बाईमाणसाशी.

सुनेबद्दल. तिच्या फोनमध्ये परदेशी गरोदरपणाचं ॲप घालू नका. बाळ आज अमुक फळाएवढं झालं हे वाचायला गंमत वाटते, पण तिचं हिमोग्लोबिन ते बघत नाही. त्याऐवजी एकदा उपकेंद्रात जा आणि नर्सताईंना तिच्या नोंदीत कुणाचा मोबाईल नंबर लिहिला आहे ते विचारा. तुमच्या मुलाचा असेल तर तिचा स्वतःचा लिहून घ्या. किलकारीचा कॉल त्या नंबरावर येतो. कॉल आला की स्पीकरवर लावा आणि तुम्हीही शेजारी बसून ऐका. आशाताईचा, नर्सताईंचा आणि गावात ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांचा नंबर सुनेच्या फोनमध्ये फोटोसकट साठवा, म्हणजे घाईत नाव शोधावं लागणार नाही. १०८ आणि १०२ तिला पाठ असू द्या. गाडी बोलावताना गावाचं नाव सांगून भागत नाही; ग्रामपंचायत, जवळची शाळा किंवा फाटा कोणता हेही सांगायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा. बाळंतपणानंतर ती गप्प गप्प राहू लागली, रडू लागली, तर मानसिक आधाराच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या घरातून रेंज मिळत नसेल तर अंगणात कुठे उभं राहिलं की मिळते, ती जागा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि तारखेच्या आधी चार दिवस तिला दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवता येत असेल तर तेच करा. गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ त्याचसाठी ‘माहेरघर’ असतं, तुमच्याकडे ती सोय नातलगांना करावी लागेल.